बायकांच्या डब्यावरचा माझा पहारा

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे अमरावतीस, व्हायचे होते. रीतीप्रमाणे तिला सातव्या महिन्यातच आणायला हवे होते. परंतु तेल्हाऱ्यास तिच्या सासरी त्या वर्षी कापूस चांगला आला आणि घरच्या दोन्ही बैलगाड्या सरकी काढण्याच्या जिनाकडे कापूस वाहण्यात गुंतल्या. कापूस थांबू शकत नाही, सून थांबू शकते, असा विचार तेथे झाला असावा. नववा लागल्यावर तिला अकोल्यास माझ्याकडे पोचते करण्यात आले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते आणि मी अकोल्याच्या एका शाळेत नवा शिक्षक होतो. तेथून बडनेऱ्यापर्यंत मोठी गाडी, मग उतरून अमरावतीची लहान गाडी, असा अर्ध्या दिवसाचा प्रवास होता. तो सुरक्षितपणे पार पाडण्याची जबाबदारी माझ्यावर आली, आणि जबाबदारी त्या वयात मी फार आवडीने अंगावर घेत असे.

फलाटावरील सूचना लोक वाचत नाहीत ही माझी जुनी तक्रार. मी आदल्या दिवशी जाऊन सर्व वाचल्या. त्यांपैकी एकीत असे होते की, अनोळखी माणसाने दिलेला खाद्यपदार्थ प्रवाशांनी घेऊ नये, कारण त्यात धोत्रा घालून लुबाडणारे लोक गाडीत वावरतात. यावर मी विचार केला. बायकांच्या डब्यात पुरुषाला प्रवेश नाही. तेव्हा असे लोक तेथे एखादी बाईच पाठवणार. हा निष्कर्ष सूचनेत नव्हता. तो मी स्वतः काढला.

प्रवासाची रीत अशी होती की, बाईमाणसाला बायकांच्या डब्यात बसवून सोबतीच्या पुरुषाने दुसऱ्या डब्यात बसायचे, प्रत्येक स्टेशनावर उतरून तिच्या खिडकीशी जाऊन विचारपूस करायची आणि शिटी होताच धावत परत यायचे. वऱ्हाडातील सगळे भाऊ, दीर आणि सासरे हेच करीत. त्यामुळे कोणतेही स्टेशन आले की बायकांच्या डब्याभोवती पुरुषांचीच गर्दी होई.

बहिणीच्या डब्यात बडनेऱ्याच्या बाजाराला निघालेल्या चार माळणी होत्या. मी त्यांना खिडकीतून नियम समजावून दिले: दाराला आतून कडी असावी, मला विचारल्याशिवाय कोणालाही आत घेऊ नये, अनोळखी व्यक्तीकडून काही खाऊ नये.

झेंडूची टोपली मांडीशी घेऊन बसलेली थोरली माळीण म्हणाली, "मास्तर, आमचे पेरू तुमच्या बहिणीनं खाल्ले तं चालन का? का तेबी पोलिसाले दाखवा लागन?"

"न चिरलेला पेरू चालेल," मी सांगितले. मी पूर्ण गंभीर होतो. डब्यातील हशा मला अनाठायी वाटला.

मूर्तिजापूरला मी खिडकीशी पोचलो, तो एक म्हातारी बाई दाराशी उभी. काखेत गाठोडे, तोंडात तंबाखू, आणि आवाज फलाटाच्या टोकापर्यंत जाईल असा. ती माझ्या बहिणीला निरखून पाहत होती.

"कितवा हाय, पोरी? पोट तं उतरलं दिसते तुयं." मग गाठोड्यातून ओवा आणि गूळ काढून तिने हात खिडकीत घातला. "हे ठेव तोंडात."

सूचनेतील वर्णन इतक्या लवकर आणि इतक्या तंतोतंत जुळेल अशी मलाही अपेक्षा नव्हती. मी मध्ये पडलो. "बाई, तुम्हाला या डब्यात बसता येणार नाही."

"काहून? म्या का मर्द हाय?"

"जागा नाही."

अर्धा डबा रिकामा होता; ते तिलाही दिसत होते आणि मलाही. मी आत वळून माळणींना बजावले, "ही बाई पुन्हा आली, काहीही म्हणाली, तरी दार उघडू नका." मग ती नजरेआड होऊ नये म्हणून तिला माझ्याच डब्यात, माझ्यासमोर बसवले.

"बायांच्या डब्यातून बाईले काढते अन् मर्दात बसवते," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "हा कोनता कायदा, भाऊ?"

कायदा बाजूला ठेवून मी प्रश्न विचारले. कोठे चाललात?

"चांदूरले."

कशासाठी?

"बाळंतपन करायले जाऊन राहिली."

कोणाचे?

"जिचं असन तिचं!"

हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले. ती मात्र पुढे झुकून हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, आयका. तुमची बहीन आजचा दिवस काढत नाई."

अजून तीन आठवडे आहेत, तिच्या सासूने दिवस मोजले आहेत, असे मी सांगितले.

"पोटातल्या लेकराले सासूचं पंचांग वाचता येते का?"

डब्यातले लोक हसले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

कुरूमला गाडी थांबता थांबताच थोरल्या माळणीचे डोके खिडकीबाहेर आले. "मास्तर! कळा सुरू झाल्या! पानमोट फुटली! गाडीत कोनी सुईन हाय का पाहा!"

गाडीत सुईण कोठे आहे, हे ठाऊक असलेला मी एकटाच मनुष्य होतो.

म्हातारी माझ्या आधी उतरून दाराशी पोचलीही होती. दार उघडेना. आतून कोणीतरी ओरडले, "तेच बाई हाय! मास्तरनं सांगतलेली! कडी काढू नका!" त्याच्याही वर बहिणीचे कण्हणे ऐकू येत होते. गार्डने हिरवे निशाण उचलले.

"उघडा!" मी म्हणालो.

"तुमीनंच तं सांगतलं, काई झालं तरी..."

"माझे चुकले! ती सुईण आहे! उघडा!"

'माझे चुकले' हे वाक्य मी मुलांकडून पुष्कळदा वदवून घेतले होते. स्वतः म्हणण्याचा सराव नव्हता. तरी आवाज चांगला लागला असावा, कारण कडी निघाली आणि दोन हातांनी म्हातारीला आत ओढले. गाडी हलली. चालत्या गाडीत चढू नये ही सूचना मोडून मी माझ्या डब्याची दांडी धरली.

एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट नव्हती. कुरूम ते बडनेरा मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. शेजाऱ्याने फुटाणे पुढे केले. तो कोण हे न विचारता मी ते खाल्ले.

बडनेऱ्यास माळणींनी बहिणीला लुगड्याच्या झोळीत उतरवून बायकांच्या प्रतीक्षागृहात नेले. मी मागोमाग गेलो, तर थोरली माळीण दारात आडवी उभी राहिली. "इथं तुमचं काई काम नाई."

आतून म्हातारीचा आवाज आला, "काम हाय. त्याले म्हना, कढत पानी आन. चहावाल्याचं नको, इंजिनाचं."

अमरावतीच्या गाडीचे इंजिन उभे होते. मी बादली घेऊन धावलो. ड्रायव्हरने माझे तोंड पाहिले आणि काही न विचारता नळी सोडली. दारातून एक हात बाहेर आला, बादली घेतली आणि दार लागले. त्यानंतर किती वेळ गेला हे मी सांगू शकत नाही. घड्याळ खिशात होते, ते काढायचे सुचले नाही. रडणे ऐकू आले तेव्हा मी भिंतीला टेकलो.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. हात धूत म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "नाळ गळ्याभोवती होती. दोन फेरे. कुरूमले अजून थोडा उशीर झाला असता तं..." तिने हात पदराला पुसले.

तिला पुढे चांदूरला जायचेच होते. पुढची गाडी आली तेव्हा तिचे गाठोडे मी घेतले, बायकांच्या डब्याचे दार स्वतः उघडले आणि म्हणालो, "या, मावशी. इथे बसा."

तिने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"नाई बापा. म्या आपली मर्दातच बरी. तिथं मले कोनी अडवत नाई."

माझ्या हातातून गाठोडे घेऊन ती पुढच्या डब्यात चढली. तिचे म्हणणे अनुभवाला धरून होते.