गायरानातली कार्बनची झाडं

खानापूरचं जंगल एकदा बघायचंच, हे मी आणि सुनंदा बेळगावच्या हॉस्टेलवर असल्यापासून बोलत होतो. पुढं मी कोल्हापुरात नोकरीला लागले, ती निपाणीत. गेल्या हिवाळ्यात तिचाच फोन आला. तिच्या संस्थेच्या झाडांची तपासणी करायला परदेशातून एकजण येणार होता, तर मीही चलावं, जंगल बघून होईल, असं ती म्हणाली. आवाज जरा बसलेला वाटला. रजा टाकली आणि निघाले.

कोल्हापूरहून निपाणीला एसटीनं तास-सव्वा तास धरा. ऊसतोडीच्या दिवसात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं रांगत जावं लागतं. निपाणी स्टँडवर सुनंदा उभीच होती. पुढं बेळगावपर्यंत कर्नाटकची लाल बस. तिनं आधार कार्ड दाखवलं, कर्नाटकातल्या बायकांना प्रवास फुकट. माझं कार्ड महाराष्ट्राचं, मी तिकीट काढलं. कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी बोलला आणि ती हसली. त्या दोन दिवसांत ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

सुनंदाची आई निपाणीत विड्या वळायची. लेकीला शिकवायचं हा त्या घराचा बाबासाहेबांकडून घेतलेला वसा. सुनंदा एम.एस.डब्ल्यू. झाली आणि या संस्थेत आली. काम असं: श्रीमंत देशांतल्या कंपन्या धूर सोडतात, त्यातल्या कार्बनची भरपाई म्हणून आपल्याकडं झाडं वाढवायला पैसे देतात. पण त्यात शिरायचं कसं, नकाशे कसे करायचे, कुणाशी बोलायचं, हे खेड्यातल्या लोकांना कोण सांगणार? ते सुनंदा सांगायची. "हा पैसा आजवर मोठ्यांनाच मिळाला," ती बसमध्ये म्हणाली. "आमच्या गावांना दारच ठाऊक नव्हतं. ते मी दाखवलं, असं मला वाटायचं."

बेळगावात उतरून आम्ही शहापुरात जेवलो. गल्लीत मागांचा खटखटाट चालू होता. इथल्या खानावळींत भाकरी, झुणका आणि आमटी पोटभर मिळते, दरही परवडणारे आहेत. सुनंदानं अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि पार्वतीचं सांगितलं.

नंदगडच्या पुढं जंगलाला लागून एक गाव आहे. नाव देत नाही. तिथल्या गायरानात संस्थेनं झाडं लावली आणि जनावरं शिरू नयेत म्हणून भोवती चर खणला. गावानं ठराव करूनच जागा दिली होती. पण त्या गायरानात बायका शेरडं चारायच्या आणि सरपण गोळा करायच्या. ते बंद झाल्यावर त्या आत जंगलात जायला लागल्या. उन्हाळ्यात, काजूच्या दिवसांत, पार्वती मोळी बांधत होती, तेव्हा अस्वलानं तिला धरलं. जीव वाचला. डावा डोळा आणि गाल गेला.

"उद्या सभा आहे," सुनंदा म्हणाली. "तिचा विषय काढायचा न्हाय, असं गावानं ठरवलंय. कंपनीच्या पैशाचा पुढचा हप्ता आला की पाण्याची टाकी होणार आहे."

तिनं काय ठरवलंय, ते मी विचारलं नाही.

खानापुरात मुक्काम केला. लॉज साधे आहेत, गरम पाणी फक्त सकाळी. दुसऱ्या दिवशी जीपनं निघालो. नंदगडात इंग्रजांशी लढलेल्या रायण्णांच्या समाधीपाशी ड्रायव्हरनं गाडी हळू केली, हात जोडले. पुढं रस्ता अरुंद, दोन्हीकडं साग आणि ऐनाची झाडं. हे बघायला मी इतकी वर्षं थांबले होते, आणि माझं लक्ष सारखं सुनंदाच्या मिटलेल्या ओठांकडं जात होतं.

सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. तपासणीला आलेले गृहस्थ उंच, हळू बोलणारे. दिलेली खुर्ची बाजूला करून ते सतरंजीवर बसले. दुभाषी सुनंदाच. पंच पुंडलिकअण्णांनी झाडं किती जोमात आहेत ते सांगितलं, दोन-चार जणांनी माना डोलावल्या. तेवढ्यात बायकांच्या मागून पार्वती उठली. पन्नाशीची, किरकोळ अंगाची. पदरानं झाकलेला अर्धा चेहरा तिनं उघडा केला.

"झाडं चांगली हायत, सायेब," ती म्हणाली. "पर आमचं सरपण आन् शेरडांचा चारा त्या चराच्या आत ऱ्हायला. म्हणून मी जंगलात गेलते. न्हायतर माझं तिथं काय काम व्हतं?"

पुंडलिकअण्णा सुनंदाकडं झुकले. मी शेजारीच होते. "आक्का, हे त्यांना सांगू नगा," ते विनवणीनं म्हणाले. "अस्वल काय आपण पाळलंवतं व्हय? गावाचं पाणी जाईल."

सुनंदानं इंग्रजीत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. चर कुणी आखला, असं त्या गृहस्थांनी विचारलं, तेव्हा ती "आम्ही" म्हणाली.

मग ते उठले आणि बायका आता कुठून सरपण आणतात ते बघायचं म्हणाले. आम्ही गायरानातून चालत गेलो. बहुतेक ऑस्ट्रेलियन बाभळी, सरळ रांगेत. खाली गवताचं पातं नव्हतं, नुसता वाळका पाला. पार्वती चरापर्यंत आली आणि तिथंच थांबली. पुढं जंगलाकडं तिनं बोट केलं, पाऊल टाकलं नाही.

परत आलो तेव्हा देवळापुढं कुणी नव्हतं. चुलीवर चहाचं आधण तसंच होतं. आम्हाला कुणी चहा विचारला नाही.

बेळगावच्या कुंद्याचा, म्हणजे खव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन मी कोल्हापूरला आले. जंगलाचे फोटो चांगले आलेत, खाली दिलेत. त्या गावाचा एकही फोटो नाही.

बाकीचं सुनंदानं फोनवर थोडं थोडं सांगितलं. त्या गृहस्थांनी पाहिलं तसंच कळवलं. तिकडच्या कंपनीनं चौकशी वगैरे केली नाही, हात काढून घेतला आणि दुसरा जिल्हा धरला. टाकी झाली नाही. चर बुजवायला कुणी पुढं येत नाही, त्यामुळं गायरान बंदच आहे. बायका जंगलात जातात. पार्वतीच्या घराला गावात कुणी बोलावत नाही. सुनंदाचं काम गेलं. ती अजून पार्वतीला बेळगावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. उरलेल्या डोळ्यालाही आता कमी दिसायला लागलंय.

तू सभेत गप्प बसली असतीस तर, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तर टाकी झाली असती गं. आन् पारूआक्का त्या टाकीवर पाणी भरायला आली असती, तसंच तोंड झाकून."

मध्यंतरी तिला दुसऱ्या एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं होतं. काम तेच, तालुका वेगळा. जागा बंद केल्यावर बायका सरपणाला कुठं जाणार, हे तिनं बसल्याबरोबर विचारलं. ते पुढच्या टप्प्यात बघू, असं उत्तर मिळालं. आणि मग त्यांचा फोन आला नाही.