चाटून पारखणारे वसंतराव

वसंतराव जुनी वस्तू हातात आली की आधी चाटायचे. नाणं असो, अडकित्ता असो, नाहीतर कुणाच्या आजीचा पानाचा डबा. जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि नाकातून निकाल द्यायचा, "नकली. पुढचं दाखवा." दारावर पाटी होती, 'इतिहासाचार्य'. पदवी देणारे तेच, रंगवून घेणारेही तेच. त्यांची नक्कल करायला अवघड काही नाही. मान मागं टाकायची, समोरच्याला माशी समजायचं, झाले वसंतराव!

अस्सल म्हटलं तर कारण द्यावं लागतं. नकली म्हटलं की समोरचा मुकाट घरी जातो. सगळी विद्वत्ता एवढीच.

पिंपळवंडीच्या माझ्या मामांकडे मुठीत मावेल असं पितळी सूर्यघड्याळ होतं. तबकडीवर आकडे, मधे होकायंत्र आणि कमीजास्त कलवता येईल अशी एक पट्टी. तिची सावली पडेल तेवढे वाजले. मामांचा पणजा मोजणीच्या गोऱ्या साहेबाबरोबर साखळी ओढत डोंगर हिंडला आणि साहेबानं जाताना हे बक्षीस दिलं, अशी घरातली गोष्ट. यंदा जत्रेत भावकीनं पाहुण्यांसमोर काढलं, "थापाड्या व्हता तुमचा पणजा. बाजारातून आणलं आसंल!" मामांना ते लागलं. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते जुन्नरला वसंतरावांकडे गेले.

वसंतरावांनी चाटलं. "आंबट! ताजं पितळ."

"मामीनं सकाळीच चिंचेनं घासलंय," मी म्हटलं. माशीचं कोण ऐकतो?

मग त्यांनी घड्याळ अंगणात ठेवून शेजारी मोबाईल धरला. "मोबाईलमधे दहा. ह्यात साडेनऊसुद्धा नाहीत. पस्तीस मिनिटं मागं! साहेबाचं घड्याळ मागं पडतं होय? तुमचा पणजा खोटं बोलला, पावणं."

मामा तरातरा स्टँडवर आले. तिथं घड्याळ माझ्या हातात दिलं. "भंगारात टाक."

मामांना मागं घेऊन मी ते स्टँडजवळच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या सलीमचाचांच्या टपरीवर टाकलं. मोबाईलपेक्षा पस्तीस मिनिटं मागं पडतं म्हणून नकली ठरलं, हेही सांगितलं. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हसायलाच लागले.

"मोबाईलचा टाइम तिकडं अलाहाबादकडचा हाय. सगळ्या देशाला तोच लावलाय. तिथला सूर्य हितं यायला अर्ध्या तासाच्या वरच घेतो. बरोबर चालतंय, म्हणून तर मागं हाय!"

"म्हणजे अस्सल?" मामांनी विचारलं.

"तेवढ्यानं न्हाई. हे बघा. गाव बदललं की पट्टीचा कल बदलावा लागतो, त्याचे आकडे बाजूला हायेत. शोभेच्या मालात पट्टी डकवूनच टाकतात. आपल्याकडं एकोणीस अंश लागतात. आन् हितं एकोणिसापाशीच खाच झिजलीय. कुणीतरी लई वर्षं हितल्याच उन्हात वापरलंय हे. शोपीस कोण झिजवंल, भाऊ?"

मामांनी त्या खाचेवरून अंगठा फिरवला. "म्हातारा खरं बोलत व्हता," एवढंच म्हणाले आणि घड्याळ रुमालात बांधून घेतलं.

बातमी फिरली. वसंतराव तसूभर लाजले नाहीत. "मी तेव्हाच ओळखलं होतं. मालकाची परीक्षा बघत होतो," असं गावभर सांगत सुटले. वर निरोप पाठवला, रविवारी दहाला फोटोग्राफर घेऊन येतो. फोटो कसला, तर शोध लावणारा आणि शोध!

आले. डोक्याला फेटा. मामा ओट्यावर, शेजारी घड्याळ.

"टाइम किती दिलेला?" मामांनी विचारलं.

"दहा. दहाच वाजलेत," वसंतरावांनी मोबाईल दाखवला.

मामांनी सावलीकडं निवांत बघितलं. "न्हाई वं, राव. आमच्याकडं पस्तीस मिनिटं हायेत आजून. थांबा तितंच."

फोटोग्राफर आंब्याखाली जाऊन बसला. वसंतरावांना फोटो हवा होता, म्हणून ते चैत्राच्या उन्हात थांबले. फेट्यातून घाम ओघळत ओठावर आला. सवयच ती. त्यांनी जीभ फिरवली, डोळे मिटले.

मी आतून, खिडकीच्या आडून, त्यांच्याच नाकातल्या आवाजात निकाल दिला, "नकली. पुढचं दाखवा!"