भोयर गुरुजींनी लिहिलेल्या दोन तारखा

गौरव समितीने मला बजावले आहे की लेखात तक्रारीचा सूर नको. प्रयत्न करतो. पण खोटे लिहू नये हे मला भोयर गुरुजींनीच शिकवले, आणि माझ्यासाठी एकदा त्यांनीच खोटे लिहिले. तेव्हा आज त्यांच्या पंच्याहत्तरीला सूर कसा लागतो ते पाहू.

मला गुरुजी पहिल्यांदा आठवतात ते कन्हानच्या शाळेत. माझे बाबा खाणीत मजूर. थोरली बहीण शकुन हिला शाळेत घालाच, असा गुरुजींनी घरी येऊन हट्ट धरला होता. ती नऊ वर्षांची, मी जेमतेम पाचचा. बाबा म्हणाले, "एकटी पोरगी एवढ्या दूर नाही धाडत, गुरुजी. भाऊ संगं असंल तरच." पहिलीसाठी माझे वय कमी पडत होते, तिचे जास्त होत होते. गुरुजींनी दौत पुढे ओढली. "याले थोडा मोठा करतो, तिले थोडी लहान करतो. कोण पाह्यते गा?" शकुनची जन्मतारीख त्यांनी एक जुलै लिहिली आणि माझी त्याच वर्षाची एक नोव्हेंबर. त्या काळी अर्ध्या गावाच्या तारखा मास्तरांच्या टाकातूनच उतरलेल्या असत. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

शकुन हुशार निघाली. परिचारिकेच्या शिक्षणासाठी तिला नागपूरला नेऊन पोहोचवणारे गुरुजीच. वसतिगृहात थंडी फार असे कळल्यावर आपल्या अंगावरची घोंगडी तिच्या वळकटीत घालून ते परत आले. पुढे ती अमेरिकेत गेली. तिथे परिचारिका हव्याच होत्या. कायम राहण्याचा परवाना मिळाला, काही वर्षांनी नागरिकत्वही मिळाले. मी इकडे गुरुजींच्याच शाळेत मास्तर झालो.

मग तिचे यजमान वारले. मूलबाळ नाही. तिने लिहिले, "इथल्या नागरिकाला सख्ख्या भावाला बोलावता येते. तू बायकोपोरांना घेऊन ये. मला नावाने हाक मारणारं इथे कोणी उरलं नाही रे." अर्ज केला. वर्षे गेली आणि मुंबईला वकिलातीत बोलावणे आले. साहेबाने आमचे शाळेचे दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारले, "एका आईला चार महिन्यांच्या अंतराने दोन मुले?" अर्ज नामंजूर झाला.

परतल्यावर मी थेट गुरुजींकडे गेलो. त्यांनी ऐकले, चष्मा काढला. "म्या केलं गा हे." मी, चाळिशी गाठलेला मास्तर, त्यांच्यावर ओरडलो, "काहून केलं, गुरुजी? कोणी सांगितलं होतं तुम्हाले?" ते शब्द मला अजून परत घेता आलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुद्रांक कागद घेऊन ते स्वतः आमच्या दारात उभे होते. दोन्ही तारखा मीच मनाने लिहिल्या, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले. आईचाही अंगठा घेतला. नवा अर्ज गेला, पण रांगेत पुन्हा शेवटी. दरम्यान आई गेली. बाबा तर आधीच गेले होते.

निवृत्तीनंतर नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्यांच्या ओसरीवर रविवारी परदेशी जाणाऱ्यांची गर्दी असते. गुरुजी फुकट अर्ज भरून देतात. पण आधी एकच प्रश्न, "भावाबहिणीचे दाखले आनले काय?" मग ते दाखले जवळ ठेवून बोटांवर महिने मोजतात. नरखेडकडच्या एका संत्रेवाल्याचा डॉक्टर मुलगा असाच आला होता. दोघा भावांत सहा महिन्यांचे अंतर! गुरुजींनी त्याला तिथूनच परत पाठवले आणि तारीख दुरुस्त होईपर्यंत अर्जाला हात लावला नाही. आज ते दोघे भाऊ तिकडे एका गावात राहतात. मला आनंद आहे. खोटे कशाला बोलू, जळफळाटही आहे.

गौरवाचे कळवले तेव्हा शकुनचे पत्र आले. "ती तारीख लिहिली नसती तर मी शाळेची पायरी चढले नसते. तुझ्याजवळच राहिले असते, पण अंगठा उठवत. त्यांच्यावर रागावू नकोस. माझी मात्र आता आशा सुटली आहे." माझीही सुटली आहे. शाळेचे ते रजिस्टर आज माझ्याच कपाटात असते आणि ते पान मी उघडत नाही. गुरुजी मात्र दर महिन्याला काठी टेकत येऊन विचारतात, "पत्र आलं काय गा?"

गुरुजी, शाल-श्रीफळ समिती देईलच. मी मागणे मागतो. माझ्या बारशाला तुम्ही जेवलात, तेव्हा चार वर्षांची शकुन तुमच्या ताटाशी बसली होती, हे तुम्हीच सांगता. आम्ही एका पोटची लेकरे आहोत, हे डोळ्यांनी पाहून शपथेवर सांगणारे आता तुम्ही एकटेच उरला आहात. आमचा नंबर लागेल तेव्हा साहेब पुन्हा साक्ष मागेल, पण तो केव्हा लागेल, कोणाला ठाऊक. तोवर प्रकृती सांभाळा, गुरुजी. तुम्ही आहात तोवरच आम्ही बहीणभाऊ आहोत.