सुकटीच्या बदल्यात

आज सुकट भाजली आणि पालीचा आठवडी बाजार डोळ्यांपुढे तरंगला. पिवळं ऊन, सुक्या मासळीचा खारट वास. नवे पैसे नुकतेच आले होते, पण कोळणी सुकटीच्या बदल्यात अजून तांदूळच घेत. माहेरून अलिबागला परतताना मी मुलांना घेऊन तिथे उतरले आणि माहेरचे तांदूळ पुढे केले.

माप ओतता ओतता कोळीण म्हणाली, "त्यापेक्षा ही पोर दे गो मला, आख्खी टोपली ने."

"घे," मी हसत म्हटलं.

पिशवी बांधून वळले, तर चार वर्षांची शशी कोळणीच्या रिकाम्या टोपलीत बसलेली. हात मांडीवर, अगदी शांत.

"चल, शशी."

"मग त्यांची सुकट परत दे," ती म्हणाली.

लग्नानंतर सासरी निघताना ती गाडीत तशीच बसली होती, हात मांडीवर ठेवून. तेव्हा मला "चल" म्हणता आलं नाही.