बिरूचा फोटो

कळंबच्या महांतेशचा फोटो स्टुडिओ लग्नांवर चालायचा, पण त्याचा जीव मात्र विजेत अडकलेला. वैशाखात दुपारचं आभाळ काळवंडलं, की हा गडी गिऱ्हाईक तसंच टाकून मोटारसायकलीला किक मारायचा आणि भूमकडच्या माळावर जाऊन स्टँडवर कॅमेरा लावून बसायचा. बायको शिवरंजनी म्हणायची, एवढं टक लावून कधी माझ्याकडं बघितलं नाही. खुळाच होता, दुसरं काय!

त्याच नादात गेल्या वैशाखात त्याला हवा तसा फोटो गावला. माळावर एकुलता लिंब, त्यावर कोसळलेली वीज, आणि बुंध्याशी डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेला माणूस. तो बिरू मेंढपाळ, जागीच गेला. महांतेशनंच वस्तीवर पळत जाऊन सांगितलं, म्हणून लोक त्याला भला माणूस म्हणाले. फोटो त्यानं कुणालाच दाखवला नाही. डोळे मिटले की तो लिंब उजळायचा, आणि त्याची झोप उडायची.

वर्षाचा दिवस जवळ आला तशी बिरूची बायको सिताबाई स्टुडिओत आली. आपल्याकडं गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून भिंतीवर लागलाच पाहिजे. आधार कार्डावरचं तोंड काढून तयार कोट-फेट्यावर बसवायचं, हे महांतेशचं नेहमीचं काम. पण बिरूचं कार्ड आणि मोबाईल, दोन्ही खिशातच जळाले होते.

"तुमी त्या दिशी माळावर व्हता म्हनं," ती म्हणाली. "कसला बी असंल, फोटो द्या."

नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. आता ही विचारणार, तुम्ही बघत होता, मग झाडाखाली थांबू नको म्हणून हाक का नाही मारली? तरी त्यानं फोटो काँप्युटरवर लावला.

सिताबाई लई वेळ बघत राहिली. तोंड खोळीत होतं, एक हात तेवढा वर. विजेच्या झटक्यानं तो वर गेला, असं महांतेश वर्षभर स्वतःची समजूत घालत होता.

"तुमाला बोलवत्यात," ती म्हणाली. "कुनी उघड्यावर भिजताना दिसलं, की त्यास्नी राहवायचं न्हाय. हाच मोठा करून द्या. कोट नगं."

बाकी काही तिनं विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बिरू झाडाखाली येऊन उभा राहिला, तेव्हा महांतेशनं त्याला चांगलं बघितलं होतं. आणि फोटोत माणूस आला म्हणून तो खूश झाला होता.