कोरड्या पंपाचे उस्ताद

शामराव पंपाला कान लावायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसे, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. नवखा माणूस भारावून जाई. आम्ही मात्र बघून बघून विटलो होतो, कारण त्या कानाला पंपाचे बोलणे कधीच कळले नाही.

कागलच्या अलीकडे, हायवेला लागून आमचा खाजगी डिझेल डेपो. जमिनीखालच्या टाकीतले डिझेल टँकरमध्ये चढवायचे. विजेचा भरवसा नाही, म्हणून पंप इंजिनावर. आतला पंखा फिरतो आणि डिझेल बाहेर फेकतो. पण पंपाच्या पोटात हवा असली तर तो नुसताच फिरतो, ओढत काही नाही. म्हणून आधी पोट डिझेलने भरून हवा काढायची. एवढे साधे काम, पण शामरावांना ते कमीपणाचे वाटे.

"पंप हाय का तान्हं पोर? आदी पाजा, मग ढेकर काढा!" असे म्हणत ते इंजिन सुरू करायचे आणि रेस वाढवायचे. कोरडा पंप किंचाळायचा. "गातोय बघा कसा!" कधीकधी आदल्या खेपेचे डिझेल आत राहिलेले असे आणि पंप खरेच ओढू लागे. त्या नशिबाला ते स्वतःचा हुन्नर समजत. कोरडे फिरून गळती अडवणारे सील जळले की सील बनवणाऱ्याला शिव्या. स्वतःला उस्ताद म्हणवून घेत आणि मालकांच्या सासुरवाडीचे असल्याने बाकीच्यांनाही म्हणावे लागे.

राजगोंडा आमचा सोबती, शेतकरी घरातला, मितभाषी. एका दुपारी शामरावांनी पंप तसाच कोरडा पळवला. राजगोंडा म्हणाला, "उस्ताद, बंद करा. वास येतोय."

"तुला वास येतोय, मला अनुभव हाय," शामराव म्हणाले आणि रेस आणखी वाढवली.

तेवढ्यात पंपाने ओढ धरली. जळक्या सीलमधून डिझेलची धार उडाली ती थेट इंजिनाच्या तापलेल्या सायलेन्सरवर. भडका उडाला. राजगोंडाने आधी इंजिन बंद केले, मग टाकीकडचा व्हॉल्व्ह फिरवला. मी वाळूच्या बादल्या ओतत होतो. आग विझली तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कातडी लोंबत होती. उस्ताद कुठे होते? हायवेच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाड्यामागे.

संध्याकाळी मालकांसमोर शामराव म्हणाले, "म्या सांगितलं हुतं राजगोंडाला, हवा काढ म्हणून. ऐकत न्हाय की!"

"खोटं बोलताय," मी म्हणालो. "हवा काढायची तुमालाच लाज वाटतीया."

मालक सगळे समजून होते. तरी राजगोंडा बरा झाल्यावर त्यालाच घरी बसवले आणि शामरावांना इन्चार्ज केले. पुढे ते मिश्यांना रंग लावून खुर्चीत बसत आणि येणाऱ्या पाहुण्यांना सांगत, "आग लागली हुती, एकट्यानं विझवली!" मी समोर असलो तरी त्यांची जीभ अडखळत नसे.

यंदा ते हृदयविकाराने गेले. डेपोत शोकसभा झाली. कोणी त्यांना कष्टाळू म्हटले, कोणी देवमाणूस. मग मालकांनी मला उठवले. समोर नव्याने लागलेली चार-पाच माणसे बसली होती. मी बोलू लागलो.

"पंप चालू करताना वरच्या नरसाळ्यातून डिझेल भरा. हवेचा कॉक, म्हणजे ती छोटी तोटी, उघडा ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार लागली की मगच कॉक बंद. डिलिव्हरीचा, म्हणजे टँकरकडचा व्हॉल्व्ह मिटलेला ठेवून इंजिन हळू चालू करा. दाबाचा काटा चढला की व्हॉल्व्ह सावकाश उघडा, मग रेस वाढवा. काटा पडला तर लगेच बंद करा, हवा शिरली म्हणून समजा. कोरडा क्षणभरही पळवू नका."

सभेत चुळबुळ झाली. शामरावांचा मुलगा पुढे वाकून म्हणाला, "काका, बाबांच्याबद्दल काय तरी बोला की."

"त्यांच्याबद्दलच बोलतोय, बाळ," मी म्हणालो आणि खाली बसलो.