काळू नदीवरची हजेरी

वसंतकाका काल गेले, आणि आज सकाळीच आमच्या बर्डिंग ग्रुपवर त्यांची हजेरी बंद करायचं ठरलंसुद्धा.

आधी हात जोडलेले इमोजी. मग लगेच अ‍ॅडमिनचा मेसेज: "रविवारची ट्रिप ठरल्याप्रमाणे. मात्र यंदा पुलावरचा कार्यक्रम नको. पक्षी डिस्टर्ब होतात."

कार्यक्रम म्हणे!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काका डोंबिवलीचे, रिटायर्ड ड्राफ्ट्समन. गळ्यात दुर्बीण, पिशवीत थर्मास आणि शेंगदाण्याची चिक्की. दर जानेवारीत आम्हाला टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर पक्षी बघायला न्यायचे.

तिथे इंग्रजांच्या काळातला एक पूल आहे. त्याच्या दगडावर साहेबाचं नाव कोरलंय.

तो बांधताना पुरात वाहून गेलेल्या मजुरांचं नाव कुठेच नाही.

काका दोन हिवाळे जवळच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओट्यांवर जाऊन बसले. सहा नावं मिळाली. एक आजी म्हणाली, "बुधी माझ्या आज्याची भैन व्हती. घमेली उचलायची." आडनावं कोणालाच आठवत नव्हती.

तेव्हापासून दर वर्षी काका पुलावर उभे राहून खणखणीत आवाजात एकेक नाव पुकारायचे. आणि आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "हजर!"

पहिल्याच हाकेला बगळे पसार.

एकदा मीच वैतागलेले. "अहो काका, आत्ता कुठे खंड्या फोकस झालेला!"

"मग परत कर की फोकस. त्याला काय ऑफिस गाठायचंय?"

मागच्या वर्षी ग्रुपमध्ये नवे लोक आले. हातभर लांब लेन्स, जंगली रंगाचे कपडे. काकांनी पुकारलं, "बुधी!"

कोणी बोललं नाही.

मीही नाही. त्या लोकांसमोर मला लाज वाटली. खरं तेच सांगते.

काका एकटेच पुकारत राहिले आणि एकटेच "हजर" म्हणत राहिले. सहाही वेळा.

येताना ते माझ्याच गाडीत होते. त्या विषयावर एक शब्द नाही. उलट मलाच चिक्की दिली. डोंबिवली आली, ते उतरले, मी कोपरीला घरी आले. सॉरी म्हणायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी म्हणू, असं वाटलेलं.

तर अ‍ॅडमिनसाहेब, ऐका.

रविवारी सकाळी सात वाजता मी त्या पुलावर असेन. सहाही नावं मला पाठ आहेत. मी पुकारणार. कोणी साथ दिली तर उत्तम, नाहीतर एकटी.

ग्रुपमधून काढायचं असेल तर खुशाल काढा. नदी ग्रुपच्या मालकीची नाही.

आणि उडाले पक्षी तर उडू देत.

काका, मागच्या वर्षी मी गप्प बसले. चुकलं माझं. आता घसा बसला तरी बेहत्तर.

मनापासून नमस्कार.

बरं काका, या आता.